नगारचीचं तळं

फार फार जुनी गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगारची राहत होता. तीस वर्षं त्याने किल्ल्यावर राजाचा नगारा बडवला होता. सूर्य उगवला की नगारा, दरवाजा उघडला की नगारा, राजाला मुलगा झाला की दिवसभर नगारा! बिचाऱ्याच्या डोक्यात सदा घण पडायचे. म्हातारपण आलं तसं त्याने राजाकडे एकच मागणं मागितलं, "महाराज, आता थोडी शांतता द्या."

राजाने घर दिलं, मागे मोठं परसू दिलं. नगारचीने परसात दगडी तळं बांधलं. झऱ्याचं पाणी पन्हळीने आणून गोमुखातून तळ्यात सोडलं. कमळं फुलली, मासे झाले, बेडूक तर न बोलावता आले. त्याची आईविना पोर, सात वर्षांची गोजी, दिवसभर पाण्यात पाय सोडून बसायची.

"बाबा, तो थोरला बेडूक बघा, अगदी तुमच्यासारखे गाल फुगवतो!" असं म्हणून खिदळायची. नगारचीही हसायचा. आता मला सांगा, याहून जास्त सुख माणसाला लागतं कशाला?

पण नाही! दुपारच्या झोपेत त्याला बेडकांचं डरांव डरांव टोचायला लागलं. त्याने सगळे बेडूक टोपलीत भरले आणि नदीपार सोडायला निघाला.

शेजारची म्हातारी माळीण आडवी आली. "नगारचीदादा, असं करू नका. ते तळ्याचे राखणदार आहेत. डास तेच खातात."

"मावशी, राखणीला मी आहे ना!" तो खेकसला.

मग मासे डुबुक डुबुक करतात म्हणून तेही नदीत सोडले. शेवटी गोमुखाची धार कानाला लागली. त्याने पन्हळच काढून टाकली. पाणी कसं निपचित झालं.

गोजीने विचारलं, "बाबा, तळं मेलं का?"

"वेडे, तळं झोपलंय," असं म्हणून नगारची सुखाने पडला.

साचलेलं पाणी हिरवं झालं. त्यावर डासांचे थवे उठले. महिन्याभरात गोजीला हिवताप भरला. वैद्याने काढे दिले, माळणीने कडुनिंबाचा धूर केला, पण ताप हटेना. तिसऱ्या दिवशी पोर डोळेच उघडेना. तेव्हा नगारची टोपली घेऊन नदीवर धावला.

"अरे, परत चला रे! माझी गोजी वाचवा!"

थोरला बेडूक दगडावर बसला होता. तो म्हणाला, "आज आलो तर उद्याचे डास खाऊ, दादा. कालचे कसे खाऊ?"

नगारची रिकामी टोपली घेऊन घरी आला. दारात माळीण पदर तोंडाला लावून उभी होती. त्याला काही विचारावं लागलं नाही.

आता परसात चिटपाखरूही बोलत नव्हतं. नगारचीने माळ्यावरचा जुना नगारा खाली ओढला. तळ्याकाठी बसून दिवसभर तो बडवू लागला. हात सोलवटले तरी थांबेना.

"पुरे करा हो, दादा," माळीण म्हणाली.

"थांबलो की काहीच ऐकू येत नाही, मावशी," तो म्हणाला आणि पुन्हा टिपरू उचललं.

तात्पर्य : आपल्या सुखासाठी जो निसर्गाचं तोंड बंद करतो, त्याच्या घरातलाच एखादा गोड आवाज कायमचा बंद होतो.