साळूची शिकवण

एका दगडाळ टेकडीच्या पोटात, अंगभर काटे वागवणारी एक साळू आपल्या पिल्लासह राहत असे. बीळ खणावे तर तिनेच. पुढचे तोंड अरुंद, मागे पळवाट आणि मध्ये पिल्लाला निजायला गोल खोली. पण मुलांनो, घर कितीही चांगले असले तरी ते खाता येत नाही. त्या वर्षी टेकडीवरचे कंद उन्हाळ्याआधीच संपले आणि पिल्लू भुकेने कुरकुरू लागले.

नेमका तेव्हाच कोल्हा आला. दुसऱ्याच्या उपासाचा वास त्याला लांबून येतो. "नदीपलीकडच्या तरसांना गुहा खणून हव्यात," तो म्हणाला. "तिथे पोटभर कंद खा, येताना पिल्लासाठीही आण. गुहा झाल्या की तू घरी."

"पिल्लाला बरोबर घेऊ?" साळूने विचारले.

"तरसाच्या दारात पिल्लू? वेडी की काय तू!" कोल्हा हसला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी; साळूला तर कोल्ह्याचे धरावे लागले. पायथ्याच्या तळ्यात एक म्हातारी कासवीण होती. साळूने तिला पिल्लाकडे लक्ष ठेवायला सांगितले.

"पाणी आहे तोवर बघेन गं मी. काठची मुळं दाखवीन त्याला," कासवीण म्हणाली. "पण तळं आटलं की मी चिखलात खोल जाते. मग मला काही ऐकू यायचं नाही."

"त्याआधी मी येतेच, आजी."

घरातला शेवटचा कंद साळूने पिल्लापुढे ठेवला. पिल्लू कंद सोडून तिला बिलगले. ती म्हणाली, "नीट ऐक. आवाजाची नक्कल कुणीही करील, वासाची कुणाला जमत नाही. कुणी हाक मारली की आधी वास घे. माझा वास नसला तर तोंड मातीने बुजव आणि मागच्या वाटेने पळ. म्हणून दाखव बघू."

"आधी वास. मग माती. मग पळायचं," पिल्लू म्हणाले. ती समाधानाने निघाली.

कोल्हा खोटे बोलला नव्हता. तो नेहमी अर्धेच बोलतो. गुहा खणायच्या हे त्याने सांगितले होते, किती ते सांगितले नव्हते. एक झाली की तरस म्हणे, "आता धाकट्या भावाची." साळू खणत राहिली. त्यांच्याच ओल्या मातीत ती निजे, त्यांच्या उष्ट्या हाडांतून वाट काढी. तळे आटत असेल, हे तिला सारखे आठवे. मग ती आणखी जोराने खणे. तरसांचा उग्र दर्प काट्यांच्या मुळांपर्यंत मुरत गेला. तिला तो कळलाही नाही, कारण आपला वास आपल्याला कुठे येतो!

शेवटी ती सुटली आणि तोंडात मावतील तेवढे कंद घेऊन धावत आली. तळ्याला भेगा पडल्या होत्या. कासविणीचा पत्ता नव्हता. पण बिळातून काटे सळसळल्याचा आवाज आला आणि साळूचा जीव भांड्यात पडला.

"बाळा, मी आले!"

आत सळसळ थांबली. मग बारीक, घाबरा आवाज आला. "तुला तरसाचा वास येतोय."

"अरे, मी आई तुझी!"

"माझ्या आईला मातीचा वास येतो," पिल्लू म्हणाले, आणि आतून माती पडू लागली.

साळू तळ्याकडे धावली. भेगाळ चिखलात लोळली, अंग दगडावर घासले, काटे मोडले. परत आली तेव्हा बिळाचे तोंड बंद झाले होते. तिने पुन्हा पुन्हा हाका मारल्या. शेवटी धीर सुटून ती खणू लागली. डोंगरात तिच्याइतके भराभर खणणारे कोणी नव्हते. पण पळवाटही तिनेच खणली होती, आणि चांगली खणली होती.

आत खोली रिकामी होती. कोपऱ्यात तिने दिलेल्या कंदाचा अर्धा तुकडा वाळून पडला होता. उपाशी पिल्लाने तिचा वाटा ठेवला होता. साळू त्यावर तोंड टेकून रडली. पिल्लाची पावले खडकाळ माळापर्यंत दिसली, पुढे दिसली नाहीत. तिने सारा माळ पालथा घातला, पण पिल्लू पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडले नाही.

तळे भरले तेव्हा कासवीण वर आली. काठावर बसलेल्या साळूजवळ येऊन तिने हुंगले. "आलीस होय गं? आणि पिल्लू कुठंय?"

"मी शिकवलं होतं तसंच वागलं ते," साळू म्हणाली. "आजी, मला अजून तरसाचा वास येतो का?"

"नाही गं. आता तुझाच येतो. मातीचा."

साळू उठली. वारा माळाकडे वाहत होता; आपला वास तिकडे जावा म्हणून ती वाऱ्यात अंग फुलवून उभी राहिली. तेवढ्यात टेकडीमागून कोल्ह्याची ओळखीची हाक आली, "नदीपलीकडे कोण येतंय?"

तात्पर्य : लेकरांच्या घासासाठी राबणाऱ्याला जिथे लेकरू जवळ ठेवता येत नाही, तिथे घास घरी पोहोचतो, पण खाणारे घरात राहत नाही.