मोराच्या नाचाचा व्हिडिओ

रानात मोबाइल नवेच आले होते, तेव्हाची गोष्ट. मोराला टिटवीचा मेसेज आला, ‘तुझ्या नाचाचा व्हिडिओ गाजतोय! इथे दाब.’ मोराने पिसारा सावरला आणि लगेच दाबलं. व्हिडिओ दिसलाच नाही. उलट फोनमधले सगळे फोटो गेले आणि तोच मेसेज मोराच्या नावाने रानभर गेला.

हत्तिणीने तो वाचला, पण काहीही न दाबता मोराला फोन लावला. “अरे मोरा, मी जन्मात कधी नाचले नाही. हे खरंच तू पाठवलंस?”

“नाही हो हत्तीणबाई! फोनमध्ये व्हायरस शिरलाय,” मोर रडवेला झाला.

दोघांनी सगळ्यांना सावध केलं. कासवाचा फोन मात्र तोवर बंद पडला होता.

“तू कधी नाचलास रे?” हत्तिणीने विचारलं.

कासवाने मान आत घेतली. “एकदाच नाचलो होतो. वाटलं, कुणीतरी पाहिलं असेल.”