ठमाईचं सरमिसळ वावर

देवीच्या टेकाडाखाली ते उतरतं वावर दिसतंय ना, तिथली नागली कधीच एका रंगाची नसते. कुठे तांबडी, कुठे पांढरी. नवख्याला वाटतं, पेरणाऱ्याला बी निवडता आलं नाही. पण ते तसंच पेरायचं असतं. ते ठमाईचं वावर.

असं सांगतात की, फार मागे या खोऱ्यात सगळे पांढरी नागलीच लावायचे. भाकरी मऊ, चवीला गोड. ठमाई विधवा, एकटीच शेत करायची, आणि माहेरची तांबडीही त्यात मिसळायची. तांबडीच्या पानाला खरखरीत लव, भाकरी कडवट. लोक हसायचे.

मग एका साली अळी आली. खालच्या वाडीपासून वर चढत निघाली. आज याचं वावर बोडकं, उद्या त्याचं. बांधावर उभं राहिलं तर पानं कुरतडल्याचा आवाज यायचा म्हणे. ठमाईच्या वावरात मात्र ती अडखळली. कडेची पांढरी ताटं फस्त झाली, तांबडी उभी राहिली, आणि तांबडीच्या दाटीत दडलेली थोडी पांढरीही वाचली.

गावाला वाटलं, हिनंच अळी सोडली. कोंडाजी पाटील माणसं, वाळलं गवत आणि पेटते पलिते घेऊन आला.

"ठमे, बाजूला हो. हे वावर जाळायचंय."

ठमाई ताटांमध्ये बसली ती हललीच नाही. "पाटील, माझंही गेलंय, डोळ्यांनी बघा. माती तीच, पाऊस तोच. बी तेवढं वेगळं. हे जाळलंत तर पुढल्या साली पेराल काय?"

पलित्यांचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता. कोणी पुढे होईना, कोणी मागे सरेना. शेवटी पाटलानं आपला पलिता चिखलात खुपसला.

कापणी झाल्यावर तेच लोक तांबडीचं बी मागायला आले. ठमाईनं दिलं, वर पांढरीचंही मूठ मूठ दिलं. म्हणाली, "दोन्ही पेरा. अळीही सगळी सारखी नसते. त्यातली एखादी उद्या तांबडी पचवील, मग तिचीच पिल्लावळ वाढेल."

लोकांनी मान डोलावली, आणि घरी जाऊन पांढरी दळून खाल्ली, पेरली ती नुसती तांबडी.

काही वर्षांनी अळी पुन्हा आली. या खेपेला तिनं तांबडीच धरली, पांढरीला तोंड लावीना. साऱ्या खोऱ्यात हिरवं पान उरलं नाही. ठमाईच्या वावरात पांढरी तेवढी तगली.

त्या उन्हाळ्यात घराघरात उपास पडला. पेरणीच्या तोंडाला पाटील ठमाईच्या दारी गेला, तर ती चुलीपाशी निपचित पडलेली, अंग थंडगार. चुलीवर रानकंदाची सालं होती. शेजारी शेणानं लिंपलेली कणगी. पाटलानं लिंपण फोडलं. आत पांढरीचं बी काठोकाठ होतं. तिनं त्यातला दाणाही तोंडात टाकला नव्हता. तळाशी वाचलेली ओंजळभर तांबडीही निघाली.

पाटलानं ते बी गावभर वाटलं, आणि तिच्या वावरात दोन्ही मिसळून स्वतः पेरलं.

आजही कापणीला पाटलांच्या घरची सून आधी या वावरात उतरते. अळीनं कुरतडलेली ताटं शोधते, आणि त्या साली हरलेला रंगही पुढे राहावा म्हणून त्यांच्या कणसांतलं उरलंसुरलं बी पदरात बांधते. तिनं गाठ मारल्याशिवाय खोऱ्यात कोणी विळा लावत नाही.