नाकाच्या जागी बसलेली परी

चिंचा थोड्या गोड होत्या, तेव्हाची ही गोष्ट. फुलबागेच्या कोपऱ्यात, एका इवल्याशा झोपडीत मथू आणि तिची आई राहायच्या. आई देवळासाठी हार करायची आणि उरलेली फुलं मथूला मिळायची. दुसरं खेळणं तिच्याकडे नव्हतंच.

एके दिवशी राजाला सरळ रस्त्याची हौस आली. तो रस्ता नेमका झोपडीतून जाणार होता. जरासा वाकडा केला असता तर काय बिघडलं असतं? पण राजाला सांगणार कोण!

तेव्हापासून आई हसलीच नव्हती. आठ दिवस ती मुकाट्यानं डबे भरत होती, गाठोडी बांधत होती. निघायच्या सकाळी म्हणाली, "मथे, एकदा का उंबऱ्याबाहेर पडले, की मी मागं वळून बघायची नाही." मथूला भीती वाटली. हसणारी आई इथंच राहिली आणि नुसतीच आई गाडीत बसली तर?

सामान बाहेर गेलं. आरसा काढला तिथं भिंतीवर एक कोरा चौकोन उरला. मथूला तो बघवेना. कोपऱ्यातल्या टोपलीत परवाची फुलं होती, मलूल, चुरगळलेली, कडेनं तपकिरी झालेली.

"तुम्हालाही कुणी गाडीत घेत नाही ना?" असं म्हणून तिनं वाटीभर पिठाची खळ घेतली आणि चौकोनात आईचा चेहरा चिकटवायला बसली. सुकलेल्या मरव्याचे भुरभुरीत केस, निळ्या गोकर्णाचे डोळे, लालचुटुक जास्वंदीचे हसरे ओठ. मोगऱ्याच्या पिवळट कळ्यांचे दात लावताना आईचा पडलेला दात ती विसरली नाही, तिथं बरोबर फट ठेवली. नाकाला एक गुबगुबीत, वाळका झेंडू. हळूहळू मथू चक्क गुणगुणू लागली.

"आऽऽक्छी!"

नाक शिंकलं. मथू वाटीसकट मागं सरकली. झेंडूला दोन चिमुकले पाय फुटले होते आणि ते हवेत झाडत होते.

"अगं, ही काय रीत झाली? झोपलेल्या परीला भिंतीला चिकटवतात का?"

"अगंबाई! चुकलंच माझं, परीमावशी. लवकर सुटाल तर बरं हो!"

चर्र झालं आणि परी सुटली. पिवळा झालरीचा घागरा, सोनेरी पंख आणि बुडाला खळ. "मी कोमेजपरी. ताज्या फुलांना हजार पऱ्या आहेत, सुकलेल्यांना मी एकटी. त्यांच्याशी प्रेमानं वागणाऱ्याला मी तीन इच्छा देते. पहिली तू आत्ताच वापरलीस, मला सोडवायला."

"माझ्यावर नव्हे, तुमच्यावर!"

"म्हणून तर आवडलीस. आता नियम ऐक. गाडीत ओझं वाढेल असं काही मागायचं नाही. एका इच्छेत दोन गोष्टी कोंबायच्या नाहीत. आणि त्या राजाचं नाव काढू नकोस, तो माझं ऐकत नाही."

तेवढ्यात बाहेरून "मेलो, मेलो!" अशी आरोळी आली. गाडीवाले गेनूमामा पाटा उचलताना वाकले ते वाकलेलेच राहिले होते. कमरेत उसण भरली होती.

"आधी मामांची कंबर सुटू दे!" मथू म्हणाली. मामा ताडकन उभे राहिले. इतके सरळ, की राजानं त्यांच्यावरूनच रस्ता आखला असता.

आई गाडीत बसली, झोपडीकडे पाठ करून. मथू परीकडे धावली. "परीमावशी, आईला एकदा आत येऊन बसू दे आणि हसू दे."

"या झाल्या दोन."

मथूनं डोळे पुसले. "मग नुसतं बसू दे. हसवायचं मी बघते."

परीनं नाकाला मूठभर झेंडूचे परागकण लावले, ती गाडीसमोर गेली आणि...

"आऽऽक्छी!"

गेनूमामांनी कासरा टाकला. "निघताना शिंक! वहिनी, आत जाऊन घटकाभर बसा, पाणी प्या, मगच निघू. त्याशिवाय माझे बैल हलायचे नाहीत."

आई कुरकुरतच आत आली. पाणी प्यायली आणि निघण्याआधी कुंकू सारखं करायला, रोजच्या सवयीनं, आरशाच्या जागी जाऊन उभी राहिली. समोर जास्वंदीचे ओठ हसत होते. दातात फट. आणि नाकाच्या जागी नुसती खळ.

"मथे... ही मी? आणि माझं नाक गं?"

"ते शिंकायला गेलंय."

आईनं पदर तोंडाला लावला, पण हसू मावेना. ती खळखळून हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. तिनं मथूला पोटाशी धरलं. "या भिंतीकडे बघवत नव्हतं गं मला. बरं झालं बघितलं."

"माझी जागा रिकामी दिसतेय," असं म्हणत परी भिंतीवरच्या नाकाच्या जागी जाऊन बसली. "हसण्याला वजन नसतं, तेव्हा तेवढं घेऊन जा." झगमग, लखलख पिवळा उजेड झोपडीभर पसरला. त्या उजेडातच ती विरघळली, शेवटची एक शिंक देऊन.

गावातल्या नव्या खोलीत आईनं पहिल्यांदा आरसा टांगला. बघते तर आरशातल्या आपल्या नाकावर एक पिवळा, चमचमता ठिपका. कितीही पुसला तरी तो गेला नाही. रोज सकाळी आई कुंकू लावायला आरशासमोर उभी राही, ठिपका बघे आणि खुदकन हसे. मग त्या हसण्यानंच मथू उठे.