‘छळ’ या शब्दाचे शेवटचे उदाहरण

ज्याच्यापासून सारी अक्षरे निघाली, त्या श्रीहरीला आधी नमन.

“…आणि हे शेवटचे उदाहरण कोणत्या पोथीतले?” दिगंबरबुवांनी विचारले.

त्यांचा शिष्य त्र्यंबक वेण्णाकाठच्या मठात बारा वर्षे शब्दकोश रचीत होता. उद्या कोश छापखान्यात जायचा होता. फक्त गुरूंची संमती उरली होती. ‘छळ’ या शब्दावरचे टिपण तो मोठ्या अभिमानाने त्यांना वाचून दाखवीत होता.

“एका शब्दाला चार पाने!” बुवा हसले. “वाचणाऱ्याचाच छळ मांडलास की रे.”

“बुवा, शब्दाने प्रवास केवढा केला आहे! संस्कृतात कपट. न्यायशास्त्रात प्रतिपक्षाच्या बोलण्याचा विपर्यास. पुराणकथांत भक्ताची सत्त्वपरीक्षा. आणि आपल्या मराठीत जाच, गांजणूक…”

“ते समजले. शेवटचे वाक्य पुन्हा वाच.”

त्र्यंबकाचा आवाज खाली आला. “‘विसाजीपंताने पोरक्या पुतण्याचा सात वर्षे छळ केला.’”

“पोथी?”

“…पोथी नाही. तो पुतण्या मी.”

बुवांनी टिपणाचे ते पान स्वतःकडे ओढले. त्र्यंबक पुढे म्हणाला,

“हा शब्द जगेल तोवर काकांचे नाव त्याला चिकटून राहावे. हे वाक्य आपण काढायला लावाल, तर मला कोशच छापायचा नाही.”

“सात वर्षे…” बुवा म्हणाले. “जगलास कसा?”

“शेजारी म्हाळसाबाई होत्या. काका उपाशी कोंडीत, तेव्हा त्या खिडकीशी पेज घेऊन येत. पेजेचा गडवा गजांतून जात नसे… मग तळहातावर पेज घेऊन हात आत घालीत. निववून. पुन्हा पुन्हा. पोट भरेपर्यंत.”

“कोशात त्या कुठे आहेत?”

“कुठेच नाहीत.” त्र्यंबकाचे डोळे भरून आले. “बारा वर्षांत एकदाही त्यांचे नाव लिहावेसे वाटले नाही, बुवा.”

त्याने लेखणी उचलली. “काकांचे वाक्य खोडतो.”

बुवांनी त्याचा हात धरला.

“ते खरे आहे. राहू दे.”

मग त्यांनी कोशाचे पहिले पान उघडले. तेथे सुरेख अक्षरांत अर्पण लिहिले होते: ‘ज्यांच्या कृपेने जगलो, त्या सद्गुरू दिगंबरबुवांच्या चरणी.’

बुवांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवले.

“खोडायचे ते हे.”

ऐकणाऱ्या सर्वांचे कल्याण होवो. घरोघरी चूल पेटती राहो, आणि तिची ऊब शेजारच्या भुकेल्यापर्यंत पोचो.