तक्रारदाराची संमती

कारखान्यातल्या तक्रारींचं सॉफ्टवेअर नलिनी वाकोडेने बसवलं होतं. तक्रार कुणाकडून कुणाकडे जाईल, ती कोण बंद करेल, हे सारं तिनेच त्यात घातलेलं. तक्रारदाराच्या संमतीशिवाय तक्रार बंद होणार नाही, हा नियम मात्र संचालक रणदिवेसाहेबांचा. पाहुण्यांना ते तो मोठ्या ऐटीत सांगत.

शिवदास लोहकरेंनी प्रेस मशीनची संरक्षक जाळी तुटल्याची तक्रार नोंदवली. ती मंजुरीसाठी साहेबांकडे एकोणीस दिवस पडून राहिली. विसाव्या दिवशी त्याच मशीनने शिवदासभाऊंचा जीव घेतला.

सरकारी तपासणीच्या सकाळी साहेबांनी नलिनीला केबिनमध्ये बोलावलं. "ती तक्रार बंद करून टाका. जाळी बसवली होती, असं लिहा."

नलिनी म्हणाली, "करते, साहेब. फक्त तुमच्या नियमाप्रमाणे शिवदासभाऊंची संमती लागेल. त्यांना तेवढं बोलावून घ्या."

तपासणी अधिकाऱ्यांनी तक्रार उघडीच पाहिली, साहेबांच्या नावासकट.

केबिनमधलं बोलणं बाहेर कळलं होतं; दुपारी कामगार नलिनीभोवती जमले. "ताई, काय बोललात तुम्ही!"

नलिनीने डोळे पुसले. "फार उशिरा बोलले रे. ती तक्रार मला रोज दिसत होती."