पावणो खंय असा?

"मग ह्या पावण्यांक घालवचा काय, बुवा?"

विचारणारा दिगंबर घाडी, मुणगोळीचा सरपंच. लहानपणी राघोबुवांच्या मठीत भजन शिकलेला. गावात पर्यटक आणले ते आपणच, हे तो न विचारता सांगायचा. किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं लॉज त्याचंच.

बुवा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"पावणे? खंय असत?"

"खंय म्हंजे? गाव भरलेलो असा. रस्त्यार पाय ठेवूक जागा नाय."

"माका एकय दिसणा नाय."

दिगंबरने कपाळाला हात लावला. म्हातारा आता नजरेनंही गेला म्हणायचा. पण गरज त्याला होती. गावच्या विहिरीवर लॉजांच्या मोटरी बसल्या आणि उपसून उपसून पाणी खारट झालं. चहा नासू लागला, डाळ शिजेना. चार घरं उठून गेली. आता दिगंबरच्या आईनेच बोचकं बांधलं होतं. गावपळण झाली की ती लेकीकडे कुडाळला जाणार होती, कायमची. गावाला पुढे नेणाऱ्याची आईच गाव सोडणार. लोक बोलत नव्हते एवढंच.

मुणगोळीची ही गावपळण म्हणजे देवाचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर जातं आणि तीन रात्री झोपड्यांत राहतं. मागे चूल पेटत नाही, कोंबडीसुद्धा ठेवत नाहीत. शहाण्यांनी खुशाल हसावं.

"पळण इली ना रे जवळ?" बुवांनी विचारलं.

"इली. पण ह्या वर्षी लॉजां चालू ठेवतलंय. सीझन असा. आमी वेशीभायर, पावणे गावात."

अडकित्ता थांबला.

"गाव पळतलो... आणि मोटर रवतली? मगे गाव मोटरीचो."

बुवांनी हात पुढे केला. त्यांना मोटरीच्या खोलीची चावी हवी होती. दिगंबरने खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. त्याला आईचं बोचकं आठवलं. मग चावी बुवांच्या तळहातावर पडली.

सरपंचाचीच मोटर बंद म्हटल्यावर बाकीच्यांना तोंड कुठे होतं? त्यांनीही बंद केल्या.

गाव निघालं. बुवा पुढे, काखेत त्यांची कोंबडी. पर्यटकांना सांगितलं, आमच्याबरोबर या, नाहीतर घरी जा. काही शिव्या देत गेले. काही आले, झोपडीत झोपले, पेज प्यायले, बुवांच्या भजनात चुकीच्या जागी टाळ्या वाजवत बसले.

तीन रात्री सरल्या, परतायचा कौल मिळाला आणि गाव ढोल वाजवत परतलं. सगळी थेट विहिरीवर.

पाणी पायरीला लागलं होतं.

दिगंबरच्या आईने कळशी ओढली, ओंजळभर तोंडात घेतलं आणि डोळे मिटले. कोणी श्वास घेईना.

"दिगू," ती म्हणाली, "चुलीर चाय ठेव. आणि माझा बोचका सोड."

मग काय विचारता. ढोलाला जोर चढला, बायका रहाटाला भिडल्या, म्हातारेही नाचले. दिगंबरने पाना मागवून स्वतःच्या हाताने मोटरीचा पाइप सोडवला. त्याला रडू येत होतं आणि तो ते लपवत नव्हता. लॉजवाल्यांनी पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि त्यात भागतील तेवढीच माणसं ठेवायची, हे तिथेच विहिरीवर ठरलं. मान डोलावली नाही, असा एकही उरला नाही.

झोपडीत राहिलेला एक पुण्याचा माणूस गर्दीच्या कडेला रिकामी बाटली घेऊन घुटमळत होता. शेवटी तो आईजवळ आला.

"आजी, थोडं पाणी घेऊ का?"

आईने कळशी तिरकी केली.

बुवांनी दिगंबरला कोपराने ढोसलं.

"बघ. पयलो पावणो इलो."